रोजनिशी : गाळलेला एक शब्द

मंगळवार, रात्री उशिरा.

सोसायटीच्या वेबसाइटवरच्या तक्रार अर्जाचे काम दोन संध्याकाळी खाऊन आज एकदाचे संपले. अर्ज अगदी साधा आहे : नाव, फ्लॅट क्रमांक, तक्रारीचा प्रकार आणि मजकूर. लॉगिन केलेल्या सभासदाला दुसऱ्याचा फ्लॅट क्रमांक टाकता येऊ नये म्हणून तो रकाना मी आधीच भरून ‘डिसेबल्ड’, म्हणजे त्यात काही बदलता येणार नाही असा, करून ठेवला होता. सबमिट केल्यावर बाकीचे सगळे सर्व्हरवर पोहोचत होते. फ्लॅट क्रमांकाच्या जागी मात्र पीएचपी (सर्व्हरवरचा कोड ज्या भाषेत आहे ती) ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की’, म्हणजे या नावाचे काही आलेच नाही, असा इशारा देऊन मोकळे होत होते.

काल रात्री शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न टाकला. अडचण दाखवण्यापुरता, कमीत कमी कोड द्यावा असा तिथला दंडक आहे, आणि तो पाळण्याच्या उत्साहात मी सगळा कोड हाताने नव्याने टंकला, त्यातले क्लास काढले, स्टाइल काढली आणि नुसते दिसण्यापुरते आहे असे समजून ‘डिसेबल्ड’ हा शब्दही गाळला. दोघांनी तो कोड चालवून पाहिला आणि आमच्याकडे व्यवस्थित चालतो, असे कळवले. मी चिडलो, यांना नीट वाचायलाही वेळ नाही, असे पुटपुटत (चूक माझीच असताना) लॅपटॉप मिटून झोपलो.

आज सकाळी एकाने एवढेच विचारले होते की, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये, पेलोडखाली (ब्राउझरने सर्व्हरला काय पाठवले ते तिथे दिसते), फ्लॅट क्रमांक दिसतो का? पाहिले, तर तिथे तो नव्हताच; म्हणजे मी पीएचपीची वीण उसवत बसलो होतो आणि क्रमांक ब्राउझरमधून बाहेरच पडत नव्हता. मग अर्जातली मूळ ओळ जशीच्या तशी प्रश्नाखाली चिकटवली. डिसेबल्ड रकान्याची व्हॅल्यू फॉर्मबरोबर जात नाही, हा एचटीएमएलचा, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिचा, नियमच आहे. रकाना बदलता येऊ नये पण व्हॅल्यू जावी, असे हवे असेल तर ‘रीडओन्ली’ वापरा, असे उत्तर आले. त्याखाली आणखी एकाने लिहिले होते की, रीडओन्लीही ब्राउझरमधल्याच डेव्हलपर टूल्समधून कोणालाही काढता येते, तेव्हा फ्लॅट क्रमांक अर्जातून घेऊच नका, सेशनमधून, म्हणजे लॉगिन केलेल्या सभासदाची सर्व्हरने जपलेली माहिती असते तिच्यातून, घ्या. मी हे विचारले नव्हते, पण अर्जाला हवे होते ते हेच.

झोपण्यापूर्वी प्रश्न दुरुस्त करून गाळलेला शब्द परत घातला, नाहीतर खालची उत्तरे वाचणाऱ्याला भलतीच वाटली असती. फ्लॅट क्रमांक आता सेशनमधून येतो. रकाना डिसेबल्डच ठेवला आहे.