शंकूच्या टोकांवरचा खोटा उजेड: एमपीआय पुनर्रचनेची नोंद

मागच्या नोंदीत मी एमपीआय या प्रतिमांकन-पद्धतीच्या मोजमापांतून गणिताने उभ्या केलेल्या, म्हणजे पुनर्रचित, प्रतिमेविषयी लिहिले होते: चुंबकीय कण भरलेल्या शंकूच्या आकाराच्या चाचणी-वस्तूच्या दोन्ही टोकांना तेजस्वी पट्ट्या दिसत होत्या. रेग्युलरायझेशनचा लॅम्डा, म्हणजे गोंगाट दाबण्यासाठी प्रतिमा किती गुळगुळीत करायची हे ठरवणारा आकडा, बदलून पाहते, असे मी म्हटले होते. त्यानंतरचे दोन आठवडे संध्याकाळच्या वेळात मी तेच केले. लॅम्डा वाढवला की सगळा शंकू धूसर होई, कमी केला की प्रतिमाभर कणी उठे. पट्ट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे कारण आता सापडले आहे. ते लॅम्डात नव्हते, मी स्वतः केलेल्या एका काटछाटीत होते.

या विषयाकडे नव्याने वळलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एमपीआय, म्हणजे चुंबकीय कणांचे प्रतिमांकन, ही पद्धत फिलिप्सच्या हॅम्बुर्ग येथील संशोधन केंद्रातील बर्नहार्ड ग्लाइश आणि युर्गेन वाइझेनेकर यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. लोह-ऑक्साइडचे नॅनोकण प्रबळ चुंबकीय क्षेत्रात संपृक्त होऊन गप्प बसतात. क्षेत्र जिथे शून्य असते त्या बिंदूच्या आसपासचे कण तेवढे बदलत्या क्षेत्राला प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादात मूळ वारंवारतेचे हर्मॉनिक, म्हणजे तिच्या पटीतल्या वारंवारता, उमटतात. हा शून्यबिंदू फिरवत नेला की कण कुठे आणि किती आहेत, हे गणिताने काढता येते. माझ्या वडिलांच्या अँजिओग्राफीच्या वेळी आयोडीनयुक्त द्रव्याचा त्यांच्या अशक्त मूत्रपिंडांवर काय परिणाम होईल या काळजीत आम्ही काही दिवस काढले होते, तेव्हापासून लोहकणांवर चालणाऱ्या या पद्धतीत माझे मन गुंतले आहे.

घरी स्कॅनर असणे शक्य नाही. त्यामुळे मी हॅम्बुर्गच्या गटाने सर्वांसाठी खुली केलेली ‘ओपन एमपीआय डेटा’ ही मोजमापे वापरते आणि पुनर्रचना ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेत करते. या संचातील कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे कोणत्या जागेचे कण कसा संकेत देतात हे आधी मोजून ठेवण्यासाठी, कणांचा एक छोटा नमुना ३७×३७×३७ अशा जाळीच्या प्रत्येक बिंदूवर यंत्रहाताने नेऊन ठेवला गेला. म्हणजे एकूण ५०,६५३ जागा. प्रत्येक जागेला दोन सेकंद धरले तरी अठ्ठावीस तासांचे काम. तिन्ही दिशांची क्षेत्रे साधारण २४.५, २५.३ आणि २६ किलोहर्ट्झने हलतात, एक पूर्ण फेरी २१.५४ मिलिसेकंदांत होते, आणि संकेत टिपणाऱ्या तीन वाहिन्यांपैकी प्रत्येकीवर सुमारे २७ हजार वारंवारता-घटक मिळतात. हे सगळे एका कोष्टकात ठेवले (प्रत्येक जागेला एक स्तंभ, प्रत्येक वारंवारता-घटकाला एक ओळ) की होणारी सिस्टिम मॅट्रिक्स ३२ गिगाबाइटच्या पुढे जाते. माझ्या लॅपटॉपची मेमरी १६ गिगाबाइट आहे.

चूक इथेच झाली. मॅट्रिक्स मेमरीत मावावी म्हणून मी जाळीच्या मधले १७×१७×१७ बिंदू ठेवले आणि बाकीचे टाकून दिले. आडव्या दिशांना जाळीचे बिंदू एकेक मिलिमीटरवर आहेत, म्हणजे माझी खिडकी १७ मिलिमीटरची झाली. शंकूची लांबी मात्र २२ मिलिमीटर आहे. दोन्ही टोके खिडकीबाहेर राहिली. त्या टोकांमधील कणांचा संकेत मोजमापात आहेच, पण तो कोणत्या जागेचा हे सांगणारा स्तंभच मॅट्रिक्समध्ये उरलेला नाही. समीकरणे सोडवताना तो संकेत कुठे तरी बसवावाच लागतो, आणि त्याच्याशी सर्वांत जास्त साम्य असलेली जागा म्हणजे खिडकीच्या कडेचे व्होक्सेल, म्हणजे प्रतिमेचे छोटे घन-तुकडे. ज्याला मी शंकूचे उजळ टोक समजत होते, तो बाहेरच्या कणांचा कडेला साचलेला हिशोब होता.

खात्री करण्यासाठी एका काप-प्रतिमेत कडेची एकच रांग घेऊन मी तिच्यातील आकडे वाचले. खिडकी १७ वरून १९ केली तेव्हा उजेडाची ओळ नेमकी एक बिंदू बाहेर सरकली आणि फिकी झाली. २१ ला ती जेमतेम दिसत होती. २५ ला नाहीशी झाली. खरी वस्तू खिडकीबरोबर सरकत नाही. ही कसोटी मला आता लॅम्डाच्या कोणत्याही प्रयोगापेक्षा अधिक विश्वासाची वाटते.

मूळ कॅलिब्रेशन करणाऱ्यांनी एवढी मोठी जाळी का घेतली, हेही यातून उमगले. शून्यबिंदू हलवणारे १२ मिलिटेस्लाचे क्षेत्र आणि मीटरला १ टेस्लाचा उतार धरला, तर शून्यबिंदू आडव्या दिशांना २४ मिलिमीटरच फिरतो. जाळी मात्र ३७ मिलिमीटरची आहे. शून्यबिंदू जिथे पोहोचतच नाही, तिथलेही कण पूर्ण संपृक्त झालेले नसतात आणि थोडे बोलतात. त्यांना जाळीत जागा दिली नाही, तर ते आतल्या प्रतिमेत घुसतात. रक्तवाहिनीच्या प्रतिमेत असा खोटा उजेड किंवा त्याच्या शेजारची खोटी सावली अरुंद झालेल्या भागासारखी वाचली जाऊ शकते, म्हणून हा दोष मला केवळ सौंदर्याचा वाटत नाही.

मग मेमरीचे काय? काटकसर वारंवारतांमध्ये करायची. ८० किलोहर्ट्झखालचे घटक मी सरसकट गाळते, कारण तिथे शून्यबिंदू हलवणाऱ्या चालक क्षेत्राची थेट गळती असते. उरलेल्यांपैकी ज्यांचा संकेत रिकाम्या मोजमापातील गोंगाटाच्या किमान पाचपट आहे, तेवढेच ठेवते. काही हजार ओळी उरतात आणि संपूर्ण जाळीसह सगळे दोनएक गिगाबाइटमध्ये बसते. एकेक ओळ प्रतिमा म्हणून उघडून पाहावी, असे मी आवर्जून सुचवीन: तिन्ही वारंवारतांच्या खालच्या क्रमांकांच्या मिश्रणांत दोन-चार मोठे ठिपके दिसतात, वरच्यांत ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दाट जाळी उमटते, आणि अखेरीस ती गोंगाटात विरून जाते. बारीक तपशील त्या दाट जाळीतच असतो. म्हणून उंबरठा पाचवरून वीसवर नेला तेव्हा कणी गेली खरी, पण शंकूचे निमुळते टोकही बोथट झाले.

समीकरणे एकेक करून सोडवत जाणाऱ्या कॅझमार्झ पद्धतीच्या तीन फेऱ्या आणि ऋण मूल्यांना मज्जाव, हे पूर्वीप्रमाणेच ठेवले आहे. एक सवय मात्र नव्याने लावून घेतली आहे. कॅलिब्रेशनच्या दरम्यान ठरावीक अंतराने नमुना बाहेर काढून रिकाम्या नोंदी घेतल्या जातात. त्यांपैकी एकीतून दुसरी वजा करून उरलेल्या फरकाची मी नेहमीच्याच मापांनी पुनर्रचना करते. कण नसताना जे काही दिसेल, तो निखळ प्रतिमादोष. पहिल्या प्रयत्नात मध्यभागी एक पसरट डाग आला. यंत्र तापत जाते तशी पार्श्वभूमी सरकते, त्यामुळे बरीच आधीची नोंद वजा करून भागत नाही. लगतच्या दोन नोंदींमधून प्रमाणशीर अंदाज काढून तो वजा केल्यावर डाग बराच ओसरला.

सध्या आठ घनांच्या फँटमवर (चाचणी-वस्तूवर) काम सुरू आहे. प्रत्येक घनाची कड २ मिलिमीटर असून तीव्रता १०० पासून ५.९ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत दीडपटीच्या पायऱ्यांनी उतरते. पहिले पाच घन स्वच्छ वेगळे दिसतात, सहावा जास्त तीव्रतेच्या शेजाऱ्याच्या झळाळीत अर्धा बुडतो, आणि शेवटचे दोन पार्श्वभूमीतून अजून वर आलेले नाहीत. प्रत्येक ओळीला तिच्या रिकाम्या नोंदींतील चढउतारानुसार वजन देऊन मी याच आठवड्यात पुन्हा पुनर्रचना लावत आहे.