मातीचा गोळा, मातीची वाटी

तिसरीच्या वर्गात काल प्रत्येक गटाला क्लेचा एकेक गोळा दिला. सूचना एकच: हा पाण्यावर तरंगवून दाखवा. मग मी गप्प बसले. शिकवताना हेच सगळ्यात अवघड जातं.

गोळा बुडाला. चपटा केला, तोही बुडाला. एकीने अंगठ्याने दाबत कडा वर उचलल्या, वाटी अलगद सोडली. तरंगली!

"बाई, माती तेवढीच आहे ना?"

उत्तर ओठांवर आलेलं, गिळलं. "तुला काय वाटतं?"

काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजायचं तिनेच ठरवलं. गोळ्याने सांडलं ४० मिलिलिटर, वाटीने जवळपास ७०. मग वजनकाटा मागितला. माती ७० ग्रॅम.

मधली सुट्टी झाली, तरी त्या गटातलं कुणी जागचं हललं नाही.