दंडावरची लस

शनिवारी दुपारी स्टुडिओच्या दारात एक बाई उभ्या होत्या. हातात भाकरवडीचा पुडा, मागे मुलगी. मी चक्रावलेच. त्या चेहऱ्यावर मी अकरा तास काढले होते, आणि बाईंना मात्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ओळखलं तेही मी काढून टाकलेल्या गोष्टींवरून. मानेवरच्या दोन वळ्या, जबड्यापाशी ते चुकार केस, सगळं जागच्या जागी होतं.

आमच्या धंद्यात असं होत नाही. रीटचर, म्हणजे काढून झालेले फोटो कॉम्प्युटरवर साफसूफ करणारा, शूटला जात नाही. फोटोग्राफरचा असिस्टंट हार्ड डिस्क आणून देतो, फाइलला नाव नसतं, नंबर असतो. माणसाच्या नाकावरची छिद्रं मोजावीत इतकी ओळख होते, पण त्याचा आवाज कसा, उंची किती, काही ठाऊक नसतं. या बाई मी समजत होते त्यापेक्षा चांगल्याच ठेंगण्या निघाल्या. (त्याला कारणही मीच. कमरेखाली थोडं ताणलं होतं.)

काम दिवाळीच्या साड्यांच्या जाहिरातीचं. दुकान मोठं, नाव सांगत नाही. एजन्सीची कल्पना अशी की मॉडेल नकोत, 'खऱ्या बायका' हव्यात. म्हणून डोंबिवलीच्या एका पतसंस्थेत कॅशवर बसणाऱ्या या बाईंना पैठणी नेसवून उभं केलं. वय अठ्ठेचाळीस. पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'एकदम नॅचरल ठेवा.' सोळा वर्षांत या वाक्याचा अर्थ मला कळलाय: सगळं करा, पण केलेलं दिसू देऊ नका. मग पाच फीडबॅकमध्ये एकेक आलं. मान, हनुवटीखालचं, दंड, कोपर, पोट. एका दमात लिहिलं असतं तर लिहिणाऱ्यालाच लाज वाटली असती.

पोटाचं जरा सांगते, कारण ते मी छान केलं होतं आणि त्याचं कौतुक कधी कुणी करणार नाही. ब्लाउज आणि निऱ्यांच्या मध्ये एक वळी होती. फोटोशॉपच्या लिक्विफायने ती आत ढकलायला दहा सेकंद लागतात. पण वळीवरून साडीचा काठ गेलेला, काठाला जर, जरीत मुनिया पक्ष्यांची रांग. वळी आत गेली की रांगेतल्या तीन मुनिया चपट्या होतात. नवशिका तेवढ्यावर फाइल पाठवून मोकळा होतो, आणि मग मॉडेलच्या कमरेमागची वाकडी चौकट दाखवून लोक महिनाभर हसतात. मी खांद्याजवळच्या सरळ काठावरून तीन मुनिया उचलल्या, कापडाच्या वळणाप्रमाणे एकेक फिरवून बसवल्या. उजेड डावीकडून येत होता, म्हणून प्रत्येकीची चमक वेगळी, आणि शेवटची तर निम्मी सावलीत. साडेतीन तास गेले. आर्ट डायरेक्टरने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला.

रंगाचं बोलायला मात्र जड जातं. 'गोरी करा' असं आता कुणी लिहीत नाही. २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयने जाहिरातवाल्यांना बजावलं की कातडीच्या रंगावरून कुणाला कमी दाखवायचं नाही. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. आता मेलमध्ये 'ग्लो' येतो, 'ब्राइट' येतो, 'फ्रेश' येतो. फोटो उजळ करणाऱ्या कर्व्हचा बिंदू मी पूर्वी जिथवर ओढत होते तिथवरच ओढते.

फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बदलला असेल तर जाहिरातीवर तसं छापावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरो दंड. तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता गदारोळ. पण तो कायदा बांध्यापुरता आहे, कातडी आणि केस त्यात येत नाहीत. म्हणजे माझी वळी सापडली असती आणि कर्व्ह सुटला असता. नॉर्वेने २०२२ मध्ये त्वचासुद्धा धरली. आपल्याकडे असं काही आलंच तर ते 'अटी लागू'च्या शेजारी, तेवढ्याच बारीक अक्षरात बसेल.

आणि हे सगळं कॉम्प्युटरने आणलं असंही नाही. सांगलीला बाबांचा स्टुडिओ होता. मुलींचे दाखवायचे फोटो, पोस्टकार्ड साइज, यावर आमचं घर चालायचं. पेन्सिल धरावी म्हणून बाबा निगेटिव्हवर मिडियम चोळायचे, पॉलिश पेपरवर घासून पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचे आणि डेस्कवर वाकून गालावरचे खड्डे एकेक करून बुजवायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. काउंटरवर मुलीची आई आवाज खाली आणून म्हणायची, "जरा उजळ येऊ दे हां." पण तो फोटो पाकिटातून चार घरी फिरायचा आणि परत यायचा. माझ्या बाई कल्याण-शीळ रस्त्यावर चाळीस बाय वीस फुटांत उभ्या होत्या.

तर बाई आत येऊन बसल्या. फोटोग्राफरच्या असिस्टंटने त्यांना माझा पत्ता दिला होता, तो मुलगा कुणालाही काहीही देतो. आता बोलणी खायची, अशी मी मनाची तयारी केली.

"ताई, तुम्हीच ना माझा फोटो केलात? आमची अख्खी पतसंस्था बघून आली. साहेब विचारतात, धाकटी बहीण का तुमची?" त्या हसत होत्या. "सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, हा दंड तुझा नव्हे. मग मीही नीट बघितलं. माझी लस कुठं गेली हो?"

पदर सारून त्यांनी डावा दंड पुढे केला. बीसीजीचा व्रण, आपल्याकडे बहुतेकांना असतो तसा. मलाही आहे.

मला उत्तरच सुचेना. कारण पाचही फीडबॅकमध्ये लसीबद्दल एक अक्षर नव्हतं. होर्डिंगवर तो व्रण बशीएवढा दिसतो, म्हणून फाइल उघडली की माझा हात आधी तिकडेच जातो. कुणी सांगावं लागत नाही. सोळा वर्षांत किती लशी पुसल्या असतील, देव जाणे. "ते आमच्यात काढतातच," असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी "असू दे, असू दे" म्हणून विषय सोडला. त्या त्यासाठी आल्याच नव्हत्या.

"हिचं बघतोय आम्ही," त्या मुलीकडे मान वळवून म्हणाल्या. "बायोडेटाला फोटो हवाय. माझा केलात तसाच हिचाही करून द्याल का? पैसे देते मी."

मुलगी चोविसेक वर्षांची. आल्यापासून फोनमध्ये होती. फोटो मॉनिटरवर घेतला. बिनबाह्यांचा कुर्ता, खिडकीशेजारचा उजेड, फोटो मुळात चांगला होता. मी तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं गं?" वाटलं, म्हणेल काही नको, आईचं आपलं काहीतरी.

ती उठून आली. स्क्रीनला न लावता तिचं बोट फिरत गेलं. "इथं मान. हे हनुवटीखालचं. दंड. आणि कोपर काळं दिसतंय." त्याच क्रमाने. एजन्सीचे मेल तिने बघितलेले असणं शक्य नाही. पोट फोटोत नव्हतं.

होर्डिंगवरची आई आणि घरातली आई तिने ताडून बघितली असेल का? हे विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आता रोज सुचतं.

मी व्हाइट बॅलन्स सुधारला, एक पुटकुळी काढली, दोन उडते केस काढले, आणि झालं म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "वा, बघ कशी दिसतेस." मुलीने फोनवर फोटो दोन बोटांनी मोठा केला, इकडेतिकडे सरकवला, "थँक्यू ताई" म्हणाली. पैसे मी घेतले नाहीत.

गुरुवारी तिचा मेसेज आला. 'ताई, जॉलाइन राहिली का?' त्या दिवशी उत्तर दिलं नाही. शुक्रवारी फाइल उघडली आणि केली. मान, हनुवटी, कोपर, सगळंच. चार मिनिटं लागली. दंडावरची लस तेवढी ठेवली.

परवा बाईंनी बायोडेटा पाठवला, ओळखीत कुणी असेल तर बघा म्हणून. फोटोत लस नाही. मुलीने फोनवरच काढलेली दिसते. काम कच्चं होतं, लसीबरोबर कुर्त्याचा काठही फिसकटला होता. तो मला बघवेना. नीट करून परत पाठवला.