आग कुठं थांबणार?

खानापूर भागात माझी वीटभट्टी आहे. तीस वर्षं आग बघण्यात गेली. त्यामुळं डॉक्टर "लिव्हरातली गाठ जाळून टाकू" म्हणाले तेव्हा मला पहिला प्रश्न भट्टीवाल्याचाच पडला: आग थांबणार कुठं?

दुखलं-खुपलं काहीच नव्हतं. हिपॅटायटिस बी जुना, त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालेलं, म्हणून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चालू होती. त्यात लिव्हरच्या उजव्या भागात २.२ सेंटिमीटरची गाठ दिसली. मग बेळगावात सीटी. शिरेतून औषध सोडल्यावर गाठ आधी उजळली, नंतर भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळी पडली. सिरॉसिसवाल्याला एवढं दिसलं की बहुतेक वेळा तुकडा काढून तपासत नाहीत, कॅन्सरच धरतात. सुई वाचली म्हणून खूश व्हावं की काय, कळेना.

कापून काढायला लिव्हरात तेवढा दम नव्हता. ३ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन चांगलं लागू पडतं म्हणाले. बायकोनं विचारलं, "म्हणजे ते बेकरीत असतंय तसलं?" डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. लहरींनी पेशींतलं पाणी थरथरतं, त्यातून उष्णता तयार होते. ६० अंशांच्या वर पेशी लगेच मरतात. गाठीभोवतीचं ५ ते १० मिलिमीटर चांगलं लिव्हरही मुद्दाम जाळतात. मोठ्या रक्तवाहिनीला गाठ खेटून असली तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं. हे मला कुणी समजवायला नको होतं. वाऱ्याच्या अंगाच्या विटा कच्च्या राहतात त्या अशाच. माझी गाठ शिरेपासून लांब होती, नशीब.

प्लेटलेट बघितल्या, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासलं, अ‍ॅस्पिरिन आधीच बंद केली. संमतीपत्र कन्नडात होतं. बोलायला येतं, पण वैद्यकीय कन्नड वाचताना माझी दातखिळीच बसली. सिस्टर म्हणाली, "थांबा की वो मामा, वाचून सांगतो," आणि एकेक ओळ मराठीत सांगितली.

पूर्ण भूल होती. सोनोग्राफीत बघत बरगड्यांमधून सुई घातली. प्रत्यक्ष तापवणं म्हणे काही मिनिटांचंच. जाग आली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच ठणकत होता! लिव्हरवरचा पडदा दुखावला की कळ खांद्यात उठते, हे तेव्हा कळलं. एक रात्र दवाखान्यात, मग घरी ३-४ दिवस कणकण. तेवढंच.

खरी भीती महिन्याभरानं बसली. नव्या सीटीच्या रिपोर्टात ३.९ सेंटिमीटर लिहिलेलं. पोरगा मोबाइलवर वाचून ओट्यावर बसला तो उठेचना. रात्रभर कुणी बोललं नाही. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हा गाठीचा नव्हे, जळलेल्या जागेचा आकार. गाठीपेक्षा तो मोठाच हवा. आत औषध कुठंच उजळलं नव्हतं, म्हणजे जिवंत गाठ उरलेली दिसत नव्हती, हेच बघायचं असतं. हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर ती रात्र तरी झोपलो असतो.

पुढचं सीटी मे महिन्यात. वळीव लागायच्या आत शेवटची भट्टी काढायची आहे.