दहावा उपाय

शनिवार होता. ऑफिसला सुट्टी, म्हणून लेखनाचं काम सकाळीच उघडून बसले होते. चार लेख तपासायचे होते. तपासणीचं काम मला नुकतंच मिळायला लागलं होतं. त्याआधी वर्षभर मी फक्त लिहीत होते, तेही रात्री, हिशेब विभागातली दिवसभराची नोकरी आटोपल्यावर. संपादकांचा निरोप नेहमीसारखा त्रोटक होता : ‘चौघंही नवीन आहेत. भाषा नंतर, आधी माहिती तपासा. संध्याकाळपर्यंत द्या.’

पहिले दोन लेख तासाभरात झाले. तिसरा बाथरूमच्या फरशीवरचे डाग काढण्याबद्दल. लिखाण बरं होतं. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात नव्हती, एवढ्यावरच माझं मत चांगलं झालं. सातव्या उपायाशी मात्र हात थांबला. व्हिनेगर आणि ब्लीच सारख्या प्रमाणात एकत्र करा, डागांवर ओता, दार लावून घ्या आणि मिश्रण मुरू द्या.

मी लाल खूण केली आणि शेजारी लिहिलं : ‘हे काढाच. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगरसारखं आम्ल पडलं की क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल.’ लिहिताना थोडी ऐटही वाटली, खोटं कशाला सांगू. नवख्याची चूक पकडल्याची ऐट. मग पुढचं वाक्य वाचलं.

‘अर्ध्या तासाने बघा, फरशी बोलू लागेल.’

हे वाक्य माझं होतं.

घासलेलं भांडं ‘बोललं पाहिजे’ असं माझी मावशी म्हणायची. तिच्याखेरीज कोणाच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. लिहायला लागले तेव्हा ते मी एकदाच, एका लेखात, फरशीला लावलं होतं आणि स्वतःवरच खूश झाले होते. तो लेख बाथरूमच्या सफाईवरचाच होता. त्यातलं बाकी काय काय लिहिलं होतं ते मला धड आठवेना. आठवेना म्हणूनच पोटात गोळा आला.

जुनं खातं उघडून ती फाइल काढली. गूगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास राहतो. कोणत्या वेळी कोणतं वाक्य आलं, कोणतं गेलं, सगळं दिसतं. एरवी लेख आपणच लिहिला हे क्लायंटला दाखवायला तो उपयोगी पडतो. त्या दिवशी मी तो स्वतःविरुद्ध वाचला. रात्री साडेबारापर्यंत लेखात नऊ उपाय होते. क्षारांच्या पांढऱ्या डागांवर व्हिनेगर हा चौथा, टाइलच्या फटींतल्या काळ्या बुरशीवर ब्लीच हा सातवा. दोन्ही वेगवेगळे, आणि तेवढ्यापुरते ठीक. पण क्लायंटने दिलेल्या शीर्षकात ‘१० उपाय’ होते. बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी दहावा उपाय अवतरला : चौथा आणि सातवा एकत्र करा, दार लावून घ्या. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की दुप्पट चांगलं होणार, एवढंच त्यामागचं शास्त्र. बारा वाजून छप्पन्न मिनिटांनी लेख पाठवलेला होता.

नऊ मिनिटं.

तेव्हाची माझी अवस्था थोडी सांगायला हवी. सबब म्हणून नाही, पण हे काम नव्याने करणाऱ्याचं गणित असंच असतं. पैसे शब्दांवर. माझा पहिला बाराशे शब्दांचा लेख सात तास चालला होता. मिळालेल्या पैशांना सातने भागलं तर लाज वाटावी असा आकडा आला, म्हणून पुढच्या वेळेपासून भागणंच सोडलं. तिसऱ्या महिन्यात तेवढाच लेख दोन तासांत व्हायला लागला आणि मला वाटलं, हात बसला. हात काही इतका बसत नाही. टायपिंगचा वेग फार तर थोडा वाढला असेल. सातातले साडेचार-पाच तास जे गळाले ते वाचनाचे होते. आधी मी विषयावरची दहा पानं वाचायची, मग पाच, मग शोधनिकालात वरती आलेली दोन. त्या दोन पानांतलं माझ्या शब्दांत मांडायचं, मधली उपशीर्षकं द्यायची, दिलेला शोधशब्द ठरल्या ठिकाणी पेरायचा, शोधनिकालात दिसणारं दीडशे-एक अक्षरांचं वर्णन लिहायचं, आणि नक्कल तपासणाऱ्या साधनातून लेख काढायचा. ते साधन हिरवं झालं की काम संपलं.

त्या रात्रीही ते हिरवं झालं होतं. दहावा उपाय तर शंभर टक्के ‘युनिक’ निघाला. निघणारच, तसं दुसऱ्या कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नव्हतं. का नसेल लिहिलं, हा प्रश्न मला पडला नाही. ते साधन शब्द जुळतात का एवढंच बघतं. खरं-खोटं बघायला माझ्याच बाथरूममध्ये ब्लीचची बाटली होती, तिच्या मागे बारीक अक्षरात आम्लयुक्त पदार्थांत मिसळू नका असं छापलेलं होतं. ते मी वाचलं बऱ्याच महिन्यांनी, लेबलं कशी वाचावीत यावर एक लेख लिहिण्याची वेळ आली तेव्हा. त्याच सुमारास हेही वाचलं की पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या इप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडलेला वायू क्लोरिनच होता. हवेपेक्षा जड, म्हणून तो खंदकांत उतरून बसला. ते वाचूनही मला माझा जुना लेख आठवला नव्हता. शब्दांवर पैसे घेऊन लिहिलेलं पाठवलं की डोक्यातून पुसलं जातं. पुसलं नाही तर पुढचं लिहिताच येणार नाही.

आता पुढचा प्रश्न : तिसरा लेख लिहिणाऱ्या या नवीन मुलीने माझ्या लेखातून उचललं, की आणखी कुठून? ‘फरशी बोलू लागेल’ हे शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधले. तसं शोधलं की तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं समोर येतात. पाच पानं आली. त्यातलं एकच, माझ्या जुन्या क्लायंटचं, मला माहीत होतं. मग अवतरणचिन्हं काढून ‘व्हिनेगर, ब्लीच, दार लावून’ असं शोधलं तर आणखी तीन सापडली. त्यातल्या एकावर बहुधा यंत्राने शब्द फिरवले होते, कारण तिथे ‘तीस मिनिटांनंतर टाइल्स संभाषण सुरू करतील’ असं होतं. एरवी मी खुर्चीवरून पडेपर्यंत हसले असते. संभाषण सुरू करणाऱ्या त्या टाइल्सखाली ‘तज्ज्ञांकडून तपासलेले’ अशी हिरवी पट्टी होती.

कोण आधी, कोण नंतर हे काढायला वेळ गेला. पानांवरच्या तारखांवर भरवसा ठेवता येत नाही. मजकूर ताजा दिसावा म्हणून अनेक जण एखादा स्वल्पविराम बदलून तारीख पुढे ढकलतात. काही पानांच्या सोर्स कोडमध्ये पहिल्या प्रकाशनाची तारीख वेगळी नोंदलेली असते, ती पाहिली. उरलेली वेबॅक मशीनवर टाकली. इंटरनेट अर्काइव्हची ही सोय २००१ पासून सगळ्यांना खुली आहे, आणि जुनं पान कोणत्या दिवशी कसं दिसत होतं ते तिथे पाहता येतं, अर्थात त्या दिवशी त्याची नोंद झाली असेल तर. दोन पानांची नोंदच नव्हती. बाकीच्यांचा क्रम दुपारपर्यंत लागला. सर्वांत जुनी नोंद मी लेख पाठवल्यानंतर सोळा दिवसांची, जुन्या क्लायंटच्या पानाची. त्यानंतर दोन पानं, त्या दोनांवरून बाकीची. एकाने तर खाली दुसऱ्याचा दुवा ‘संदर्भ’ म्हणून दिला होता. झऱ्याच्या उगमाशी पोचावं तशी मी स्वतःपाशी पोचले.

आणि कुठेही माझं नाव नव्हतं. घोस्टरायटिंगचं काम असंच असतं. लेख विकला, नाव त्यांचं. इतके दिवस मला नाव नसल्याचं वाईट वाटायचं. त्या दुपारी पहिली भावना सुटकेची होती, हेही लिहून टाकते. कोणाला कधी कळलं नसतं.

जेवण झालं नव्हतं. संपादकांना फोन लावला.

“सर, तिसऱ्या लेखात एक घातक चूक आहे.”

“मग काढा. त्यासाठी फोन कशाला?”

“ती माझी आहे.”

सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि तेच जड गेलं. मग म्हणाले, “एकूण आठ पानं ना? आठ मेल करा. आधी जुन्या क्लायंटला. आणि माफी एका ओळीत उरका, तुमच्या मनाचं काय झालंय ते त्यांना वाचायचं नाहीये. पानाचा दुवा, चुकीचं वाक्य जसंच्या तसं, त्यात काय धोका, त्याऐवजी काय लिहायचं. एवढंच. समोरच्याला दोन मिनिटांत बदलता आलं पाहिजे.”

“बाकीच्यांनी काढलं नाही तर? ती माझ्या लेखाची नक्कल आहे असं म्हणून काढायला लावता येईल का?”

“लेख तुम्ही विकलाय ना हक्कांसकट? मग ती तक्रार त्यांची. तुमची नाही.”

हे मला माहीत असायला हवं होतं. लिहिल्याक्षणी स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा होतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही. १८८६ च्या बर्न कराराला धरून चालणाऱ्या देशांत हाच नियम आहे. पण माझ्या करारात पैसे मिळताच सगळे हक्क क्लायंटकडे जातील असं कलम होतं आणि मी आनंदाने सही केली होती. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली नक्कल हटवायची नोटीस पाठवायची तर तीही हक्कदाराने किंवा त्याच्या वतीनेच पाठवावी लागते. थोडक्यात, चूक माझी, मालकी दुसऱ्याची.

मेल लिहायला दीड तास लागला. बाराशे शब्द दोन तासांत लिहिणाऱ्या बाईला सहा ओळींसाठी दीड तास. तीनदा त्यात ‘अनवधानाने’ घातलं आणि तीनदा काढलं.

चारच्या सुमारास त्या नवीन मुलीचा निरोप आला. तिने माझी लाल खूण पाहिली होती.

‘मॅडम, सॉरी. पण मी एका ठिकाणी वाचून लिहिलेलं नाही. तीन वेगवेगळ्या वेबसाइट बघितल्या, तिन्हीकडे हेच होतं. म्हणून खात्री वाटली.’

तिन्हींचे दुवे तिने सोबत दिले होते. तिन्ही माझ्या यादीत होते.

तिने माझ्यापेक्षा जास्त कष्ट घेतले होते. मी दोन पानं वाचून तिसरं मनाने रचलं, तिने तीन पानं ताडून पाहिली. नियम तिने पाळला होता. फक्त ती तिन्ही पानं एकाच रात्रीतून निघालेली होती, आणि ते तिला कळायला काही मार्ग नव्हता. ‘स्रोत नीट तपासत जा’ असं तयार वाक्य मी टाइप केलं होतं. ते खोडलं.

लिहिलं : ‘तुमची चूक कमी आहे. त्या तिन्ही पानांचा मूळ लेख मी लिहिलेला आहे, आणि तो मी न तपासता लिहिला होता.’

बराच वेळ ‘टाइप करत आहे’ एवढंच दिसत राहिलं. मग आलं : ‘मग तुम्हाला नंतर कसं कळलं?’

‘बाटलीच्या मागे लिहिलेलं असतं.’

दहा मिनिटांनी फोटो आला. ओल्या बोटांत धरलेली बाटली, थोडी हललेली, तरी इशाऱ्याची ओळ वाचता येत होती. खाली तिने लिहिलं होतं, ‘मॅडम, हे लेखात फोटोसकट घालू का?’ गूगलने २०२२ च्या डिसेंबरमध्ये मजकुराच्या कसोट्यांत लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव ही कसोटी वाढवली, तेव्हापासून क्लायंट ‘अनुभव दिसू द्या, अनुभव दिसू द्या’ म्हणून मागे लागलेले असतात आणि आम्ही घरबसल्या तो रचत असतो. हिने तो बाथरूममधून उचलून आणला. घाला म्हटलं. सातवा उपाय काढून त्याजागी ‘काय मिसळू नये’ अशी चौकट आली : ब्लीच आणि आम्ल, ब्लीच आणि अमोनिया, ब्लीच आणि आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर. तिचे शब्द मूळ लेखापेक्षा वाढले, ते मी वाढीव म्हणून बिलात लावून दिले. चौथा लेख मात्र रात्री आठला गेला, तीन तास उशिरा. संपादक काही बोलले नाहीत.

आठ मेलपैकी तिघांनी आठवड्याभरात वाक्य काढलं. त्यातल्या एकाने आभार मानले आणि आणखी काम आहे का म्हणून विचारलं, म्हणजे मेल नीट वाचला नसावा. संभाषण करणाऱ्या टाइल्स अजून आहेत. तिथे मी दर महिन्याला एक मेल पाठवते. दोन पत्ते बंदच होते. एकाने ‘हा आमचा मूळ मजकूर आहे’ असं ठणकावून कळवलं.

जुन्या क्लायंटचं उत्तर अकराव्या दिवशी आलं, एका शब्दाचं : ‘केलं.’ मी लगेच पान उघडून पाहिलं. दहावा उपाय खरंच गेला होता, पूर्ण परिच्छेद, फरशीच्या बोलण्यासकट. शीर्षकाला कोणी हात लावलेला नव्हता. वर ठळक अक्षरांत ‘१० उपाय’, आणि खाली मोजले तर नऊ.