सौरडागांची वही: 15 सेंमीच्या वर्तुळातला सूर्य

पावसाळा सरला आणि वही पुन्हा उघडली. मांडणी जुनीच: 60 मिमीची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण, साधा हायगेन्स आयपीस (न चिकटवलेल्या दोन भिंगांचा), मागे फळीवर कागद आणि त्यावर 15 सेंमी व्यासाचं वर्तुळ. सूर्याचं बिंब त्या वर्तुळात पाडायचं आणि डाग पेन्सिलने टिपायचे. भारीतले आयपीस यासाठी वापरू नका, उन्हाने भिंगांमधला सिमेंट खराब होतो. फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण हवंच, आणि दुर्बिणीला डोळा लावायचा नाही म्हणजे नाही. वेळ सकाळी नऊच्या आतली. गच्ची तापली की सूर्याची कडा नुसती लवलवत राहते.

या मापात पृथ्वी 1.4 मिमीची होते, मोहरीएवढी. सूर्यमालेच्या वस्तुमानापैकी 99.8 टक्क्यांहून जास्त या एकट्या ताऱ्यात आहे, हे पेन्सिल हातात असताना जरा जास्तच जाणवतं. यंदाचा माझा आवडता डाग चांगला गोल होता, गडद गाभा आणि भोवती करडी झालर. नुसता गाभाच मोहरीपेक्षा मोठा! काळा दिसतो तो शेजारच्या मानाने. भोवतालचं तापमान सुमारे 5500 अंश सेल्सिअस, गाभ्यात त्याहून दीड-दोन हजारांनी कमी, कारण तिथलं चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवून धरतं.

दुर्बिणीला ट्रॅकिंग (सूर्यामागे आपोआप फिरणं) नाही याचा इथे फायदाच. दुर्बीण स्थिर ठेवली की डाग कागदावर ज्या दिशेने सरकतो ती पश्चिम. तेवढी रेघ आधी मारून घ्यायची.

वर्तुळाच्या मध्याजवळ हा डाग रोज 17 मिमीच्या आसपास पुढे जायचा, कडेला पोचता पोचता जेमतेम 5 मिमी. वेग तोच, पण गोलाचा उतार आपल्याला तिरका दिसतो. हिशोबात फेरी 27 दिवसांची येते. तेवढ्यात पृथ्वीही पुढे सरकलेली असते, तो भाग वजा केला की विषुववृत्ताजवळचे खरे 25 दिवस मिळतात.

खरी मेहनत पुढे आहे. सूर्य वायूचा, त्यामुळे वरच्या अक्षांशांवरचे डाग मागे पडायला हवेत. स्टोनीहर्स्ट जाळी (सूर्यबिंबावरचे अक्षांश-रेखांश आखलेला तक्ता) लावून 8 आणि 22 अंशांवरच्या दोन डागांची तुलना केली. आठवड्यात फरक दोन-अडीच अंशांचा, म्हणजे पेन्सिलच्या टोकाच्या चुकीपेक्षा थोडाच जास्त. मला तो पटलाय, पण पुरावा म्हणून मांडणार नाही. आणखी जोड्या हव्यात, आणि त्या आता मिळणं कठीण होत जाईल. 25 वं सौरचक्र (डागांच्या चढउताराची साधारण 11 वर्षांची फेरी) डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं, ते कमाल टप्प्यात पोचल्याचं नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं. चक्र उतरतं तसे नवे डाग विषुववृत्ताच्या जवळ उगवतात.

डाग मोजायचा वुल्फ अंकही लिहितोय: गटांच्या संख्येची दसपट अधिक एकूण डागांची संख्या. छोट्या दुर्बिणीतून बारीक डाग निसटतात, गट सहसा निसटत नाहीत, म्हणून हे सूत्र मला आवडतं.

जानेवारीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असताना, फळीचं अंतर पक्कं करून बिंबाचा व्यास मोजेन, मग मे-अखेरीस पुन्हा. पृथ्वी जुलैत सर्वात दूर असते, पण तेव्हा आपल्याकडे ढग. मेपर्यंतही साडेचार मिमीचा फरक दिसायला हवा.