कोडं घालणाऱ्याची सायकल

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये पत्ता शोधायला डोकं लागत नाही. विलामेट नदीने शहराचे पूर्व-पश्चिम भाग केलेत, बर्नसाइड रस्त्याने उत्तर-दक्षिण. पाटीवर रस्त्याच्या नावाआधी दिशेची अक्षरं असतात. वायव्य भागात बर्नसाइडच्या पुढचे रस्ते कूच, डेव्हिस, एव्हरेट, फ्लँडर्स असे चक्क ए-बी-सी-डीच्या क्रमाने लागतात. दोन चौकांमधलं अंतर इतकं ठरलेलं की वीस चौक मोजले की साधारण मैल झाला. ‘मारुतीच्या देवळासमोरची गल्ली, तिथे कोणालाही विचारा’ या पत्त्यावर वाढलेल्या माणसाला हे शहर जरा मिळमिळीत वाटू शकतं.

तिथल्या सायकलवाल्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पत्ता मुद्दाम काढून टाकून खेळतात. खेळाला बाइकटॅग म्हणतात आणि तो आणखीही काही शहरांत चालतो. ज्याच्यावर राज्य त्याने आपली सायकल शहरात कुठेतरी उभी करायची, तिचा फोटो ऑनलाइन टाकायचा आणि सोबत एका ओळीचा इशारा द्यायचा. बाकीच्यांनी जागा ओळखून सायकलवरून तिथे जायचं आणि आपली सायकल त्याच जागी, त्याच कोनातून उभी करून फोटो काढायचा. ज्याचा फोटो आधी पोचला त्याच्यावर राज्य. त्याने लगेच दुसरी जागा गाठून नवं कोडं घालायचं, म्हणजे दर डावाला दोन फोटो. आपल्याकडे पोरं राज्य चुकवायला पळतात, इथे मोठी माणसं राज्य घ्यायला भर पावसात पळतात.

नवखा माणूस पहिलं कोडं हमखास प्रसिद्ध जागेचं घालतो. नाइटो पार्कवेच्या दुभाजकातलं मिल एंड्स पार्क घ्या. दोन फूट व्यासाची ही बाग १९७१ पासून जगातली सर्वांत लहान म्हणून गिनेसमध्ये होती. २०२५ साली जपानमधल्या एका बागेने तो मान घेतला. मध्यंतरी शेजारच्या सायकलमार्गाच्या कामात ती सहा इंच सरकवावी लागली. मजेदार जागा, पण कोडं म्हणून निकामी, कारण शहरातलं शेंबडं पोरही ती ओळखतं. टिलिकम क्रॉसिंग या पुलाचं तेच. २०१५ साली खुल्या झालेल्या या पुलावर खासगी मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे रोज सायकलने कामावर जाणारे तो तोलून धरणारा प्रत्येक दोर ओळखतात.

उलट टोकाचं कोडं म्हणजे नुसती विटांची भिंत. ते कठीण नसतं, आडमुठं असतं. शोधणाऱ्याला पकडायला काहीतरी हवं, आणि ते किती द्यायचं यातच घालणाऱ्याची कसोटी असते. बेन्सन यांच्या पाणपोया यासाठी उत्तम. लाकडाचे व्यापारी सायमन बेन्सन यांनी १९१२ साली दिलेल्या १०,००० डॉलरमधून शहराने २० काशाच्या पाणपोया बसवल्या. पुढे त्यात भर पडत गेली. चार वाडग्यांची पाणपोई फोटोत दिसली की मध्य शहर असणार एवढं कळतं, पण नेमकी कोणती ते मागच्या खिडक्यांवरूनच ठरवावं लागतं. फुटपाथच्या कडेतल्या लोखंडी कड्याही अशाच. टांग्यांच्या काळात घोडे बांधायच्या या कड्या जुन्या वस्त्यांत अजून शाबूत आहेत, आणि २००५ पासून लोक त्यांना खेळण्यातले छोटे घोडे बांधू लागलेत. फोटो घ्यायचा तर कडीच्या भरवशावर घ्यावा. घोडा आज असतो, उद्या कोणीतरी उचलून नेलेला असतो. नाक्यावरच्या खाऊच्या गाड्या आणि भिंतीवरची चित्रं यांचाही भरवसा नाही.

इशाऱ्यात जागेचं नाव कधी घालू नये, जागेची तऱ्हा सांगावी. माउंट टेबर ही शहराच्या पूर्व भागातली टेकडी म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी, आणि तिच्या उतारावर जुने उघडे जलाशय आहेत. ‘विझलेल्या चुलीवर पाण्याचं पातेलं’ एवढं पुरे.

शोधणाऱ्याने आधी सावली बघावी. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सावली पायाखाली गडप होते आणि मग जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. पोर्टलंड ४५.५ अंश उत्तरेला असल्यामुळे दुपारची सावली बारा महिने उत्तरेकडेच पडते. डिसेंबरात सूर्य जेमतेम २१ अंश वर येतो, म्हणून एक मीटर उंचीच्या हँडलची सावली अडीच मीटरच्या पुढे जाते; जूनमध्ये तीच ४० सेंटीमीटर. घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे असतं, तेव्हा सावलीची खरी दुपार एक वाजून गेल्यावर होते. हिवाळ्यात मात्र आभाळ दिवसचे दिवस गच्च असतं आणि ही सगळी विद्या खुंटीला टांगावी लागते. मग कडेच्या काँक्रीटवर उठवलेली रस्त्यांची नावं, ठेकेदाराचं नाव, साल असलं काही दिसतं का ते फोटो मोठा करून बघायचं. गूगलचे रस्त्यावरचे फोटो मदतीला घेतले तर ते कोणत्या वर्षीचे आहेत ते आधी वाचावं.

जागा सापडली तरी फोटो जुळवताना लोक उगाच पावलं मोजत बसतात. त्याऐवजी मूळ फोटोत जवळचा एक खांब आणि लांबची एक खिडकी धरावी. खांब खिडकीच्या ज्या कडेला शिवतो, तिथे तो येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकावं. मग दोघांच्या उंचीचं प्रमाण जुळेपर्यंत मागे-पुढे. तरी चौकट जमेना तर मूळ फोटो मोबाइलच्या ०.५, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या, भिंगातून काढलेला असू शकतो. त्यात मागची इमारत लांब पळते.

स्टँड नसलेली सायकल रस्त्याच्या कडेला उभी करायची एक युक्ती आहे. फुटपाथकडचं पायडल मागच्या बाजूला आणून कडेच्या दगडावर टेकवायचं. सायकल मागे जाऊ लागली की चेन पायडलला खाली दाबते, ते दगडावर घट्ट बसतं आणि सायकल थांबते. पुढे जाताना मात्र चाक मोकळं फिरतं, म्हणून उतारावर सायकलचं तोंड चढाकडे हवं. नाहीतर ती फोटोतून निघून जाईल. तिथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे फोटो फुटपाथवरून काढला की चेनची बाजूही दिसते आणि आपण रस्त्यात उभे राहत नाही.

पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन-हिल्सबरो या उपनगरांकडे चिपच्या कारखान्यांमुळे बरीच मराठी घरं आहेत. तिकडून मॅक्स रेल्वेच्या निळ्या मार्गाने सायकलसह मध्य शहरात येता येतं. डब्यात पुढचं चाक अडकवायला हूक असतात. उतरल्यावर मात्र त्याच रेल्वेचे आणि ट्रामचे रूळ जपावेत. रुळालगतच्या फटीत टायर सहज बसतो आणि ओलं लोखंड साबणासारखं निसटतं, म्हणून रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे, आणि ओलांडताना ना ब्रेक, ना वळण.

कोडं टाकण्याआधी फोटोतली जागेची नोंद पुसायला विसरू नये. मोबाइल फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. काही ॲपवर फोटो टाकताना ते आपोआप गळतात, काहींवर नाही. फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवला की काम झालं. घराच्या आसपासच्या जागा टाळाव्यात. चार-पाच कोडी एकाच वस्तीत पडली की सायकल कुठे झोपते ते परक्यालाही कळतं.

एवढं करूनही कधी कधी डाव अडतो. आठवडा उलटतो, कोणी फिरकत नाही. अशा वेळी ‘बघा, कोणालाच जमलं नाही’ म्हणून मिरवणाऱ्याचा राग येतो, कारण त्याच्यापायी सगळ्यांचा खेळ बसतो. चार दिवस गेले की दुसरा इशारा द्यावा, त्यात निदान शहराचा भाग सांगावा. तरीही सुटलं नाही तर जागा उघड करून नवा फोटो टाकावा, या वेळी दोन पावलं मागे जाऊन काढलेला.